कासच्या तेरड्यांची सामायिक आरएनए घडी: आयटीएस-२ची रचना संगणकावर कशी काढावी

आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो आणि त्यातले बेस (ए, सी, जी, यू) आपसांत जोड्या जुळवतात, ती त्याची घडी. तेरड्याच्या सहा जातींचे आयटीएस-२ (रायबोसोमल जनुकांमधला एक जोडतुकडा) या भागाचे क्रम, म्हणजे बेसच्या ओळी, एकेक करून आरएनएफोल्ड या घडी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकले तर बहुधा सहा वेगळी चित्रं मिळतील. एकात तीन फांद्या, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात नुसती लांबलचक काठी. प्रत्येक चित्राखाली दोन दशांश स्थळांपर्यंत ऊर्जेचा आकडा असतो, त्यामुळे प्रत्येक चित्र खरंच वाटतं. पण या सहाही जाती रायबोसोम घडवताना हाच तुकडा त्याच दोन टोकांशी कापून टाकतात, आणि कापणाऱ्या यंत्रणेला ओळखीची घडी लागते. सहा जातींत सहा निराळ्या घड्या असतील हे संभवत नाही. त्या सगळ्यांत समान असलेली घडी शोधणं, आणि ती खरोखर समान आहे याचा पुरावा मिळवणं, हे इथलं काम आहे.

साताऱ्याकडे कास पठारावरच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे आयटीएसचे क्रम बहुतेक वेळा असतातच. वंशवृक्ष काढून झाला की ते बाजूला पडतात. त्याच क्रमांतून रचनाही काढता येते, आणि त्यासाठी ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. आज्ञा टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. इथे प्रोग्रॅमची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

एकट्या क्रमावर का विसंबू नये

किमान ऊर्जेची घडी शोधण्याची झुकर आणि स्टीगलर यांची पद्धत १९८१ची. नंतर ऊर्जेचे आकडे सुधारत गेले. १९९९ साली मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी ७०० बेसपेक्षा लहान आरएनएवर ती पडताळली, तेव्हा माहीत असलेल्या जोड्यांपैकी सरासरी ७३ टक्के बरोबर आल्या. ही सरासरी आहे. एखादा क्रम पार फसतो, आणि कोणता फसला ते आकड्यावरून कळत नाही. सर्वांत कमी ऊर्जेच्या घडीपासून एखाद-दुसऱ्या किलोकॅलरीच्या अंतरावर अगदी निराळ्या घड्या बसलेल्या असतात.

अनेक क्रम एकत्र पाहिले की वेगळ्या प्रकारचा पुरावा हाती येतो. समजा, चार जातींत एका हेलिक्सच्या (जोड्यांनी जुळलेल्या दांड्याच्या) दोन बाजू अशा आहेत:

पहिली: जी-जी-सी-ए … यू-जी-सी-सी
दुसरी: जी-ए-सी-ए … यू-जी-यू-सी
तिसरी: जी-जी-सी-ए … यू-जी-यू-सी
चौथी: जी-सी-सी-ए … यू-जी-जी-सी

आरएनएत जी-सी, ए-यू आणि जी-यू जुळतात. डाव्या बाजूचा दुसरा बेस उजव्या बाजूच्या तिसऱ्याशी जुळतो. पहिल्या जातीत तिथे जी-सी आहे, दुसरीत ए-यू, तिसरीत जी-यू, चौथीत सी-जी. दोन्ही बेस बदलले, जोडी टिकली. याला सहबदल म्हणू. जोडी तुटली असती तर निवडीने ती जात मागे टाकली असती, म्हणूनच असा बदल रचनेची साक्ष देतो. उरलेल्या तीन जोड्या चारही जातींत जशाच्या तशा आहेत. त्या खऱ्या असतील, पण त्यांच्या बाजूने इथे काहीच सिद्ध झालेलं नाही. हा फरक शेवटपर्यंत डोक्यात ठेवायचा.

ही युक्ती जुनी आहे. जिवाणूंच्या रायबोसोममधल्या १६एस रायबोसोमल आरएनएचा आराखडा संशोधकांनी मुख्यतः असे सहबदल मोजूनच बांधला. २००० साली रायबोसोमच्या उपघटकांच्या स्फटिकरचना हाती आल्या, तेव्हा त्या आराखड्यातल्या सुमारे ९७ टक्के जोड्या बरोबर ठरल्या.

सरावाला तेरडाच का

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात. त्याचा आयटीएस-२ देखील भराभर बदलतो. आराखडा मात्र सपुष्प वनस्पतींत कोट्यवधी वर्षं टिकून आहे: मध्यातून निघणारी चार हेलिक्स, त्यांत तिसरं सर्वांत लांब. तिसऱ्याच्या शेंड्याजवळ, ५-प्राइम (धाग्याच्या सुरुवातीकडच्या) बाजूला, यू-जी-जी-यू हा ठसा असतो. दुसऱ्या हेलिक्समध्ये सहसा यू समोर यू येऊन जोडी चुकते. चौथं हेलिक्स आखूड आणि बेभरवशाचं, कधी कधी दिसतही नाही. उत्तराची ढोबळ रूपरेषा आधीच ठाऊक असल्यामुळे आपली चूक लगेच उघडी पडते. नवशिक्याने अगदी अनोळखी आरएनएपासून सुरुवात करू नये ती याचसाठी.

इम्पेशन्स या प्रजातीत जगभर एक हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांचे भरपूर आयटीएस क्रम जीनबँकेत (क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात) मिळतात. सरावासाठी तेच घ्या. नवा नमुना हवा असेल तर कासचं पठार राखीव वनात येतं आणि २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं एक पानही तोडायचं नाही. गौरीसाठी बाजारात येणारा तेरडा आणायला मात्र कोणाची हरकत नाही.

पहिली पायरी: नेमका तुकडा कापणे

इथे झालेली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही. जीनबँकेतल्या नोंदीत बहुधा आयटीएस-१, ५.८एस, आयटीएस-२ आणि २६एसचा थोडा भाग सलग असतो (५.८एस आणि २६एस ही आयटीएस-२च्या दोन बाजूंची रायबोसोमल जनुकं). नोंदीतल्या सीमा लेखकागणिक पाचदहा बेसने सरकलेल्या असतात, त्यामुळे त्यावर विश्वास न ठेवता सगळे क्रम आयटीएसएक्स या सीमा शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. प्रकार विचारला की उच्च वनस्पतींचा ‘टी’ द्या आणि अँकरचा पर्याय २५ ठेवा. त्यामुळे ५.८एसचे शेवटचे आणि २६एसचे सुरुवातीचे २५-२५ बेस सोबत येतात. ते एकमेकांशी जुळून आयटीएस-२चा पाया बंद करतात. ते कापून टाकले तर पहिलं आणि चौथं हेलिक्स मोकळ्या टोकांशी भलत्याच जोड्या जमवतात.

त्यानंतर तीन तपासण्या.

दिशा. काही नोंदी उलट्या धाग्याच्या असतात. उलट्या धाग्याची घडीही जवळजवळ तितकीच देखणी दिसते, कारण जी-सी आणि ए-यू उलटूनही जुळतात. फक्त जी-यूच्या जागी सी-ए येतं आणि ते जुळत नाही. म्हणजे चित्र पाहून चूक कळत नाही, पण एक उलटा क्रम संपूर्ण अलाइनमेंट (एकाखाली एक जुळवून लावलेले क्रम) नासवतो.

बुरशी. आयटीएस-१ आणि आयटीएस-४ या नावांचे प्रायमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात करून देणारे लहान तुकडे) १९९०मध्ये बुरशीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाले आणि ते वनस्पतींवरही चालतात. पावसाळ्यात गोळा केलेल्या ओल्या पानात बुरशी असतेच, मग पीसीआरला तीच आधी सापडते. ५.८एसमध्ये जी-ए-ए-टी-टी-जी-सी-ए-जी-ए-ए-टी-सी-सी हे चौदा बेस सलग आहेत का ते पाहा. हा ठसा वनस्पतींचा. तो नसेल तर ब्लास्ट करून, म्हणजे जीनबँकेतल्या क्रमांशी ताडून, खात्री करा.

मृत प्रती. रायबोसोमल जनुकांच्या एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात, त्यांतल्या काही निकामी झालेल्या. अशा प्रतीत मिथिल लागलेल्या सीचा टी होत जातो. दोन्ही धाग्यांवर तसं झालं की जी-सी टक्केवारी घसरते, हेलिक्समध्ये जी-यू वाढतात आणि ए समोर सी अशा तुटक्या जोड्या दिसू लागतात. इतर जातींपेक्षा जी-सी बरंच कमी आणि ५.८एसमध्येही बदल, अशी दुहेरी लक्षणं दिसली तर तो क्रम वगळा. ठेवलात तर निकामी प्रतीतला जी-यू तुम्ही उत्क्रांतीचा पुरावा म्हणून मोजाल.

दुसरी पायरी: किती आणि कोणते क्रम

एकाच जातीचे वीस नमुने आणि उरलेल्या चार जातींचा एकेक, हा नेहमीचा गोंधळ. आरएनएअलिफोल्ड (सामायिक घडी काढणारा प्रोग्रॅम, चौथ्या पायरीतला) सगळ्या क्रमांना सारखंच मत देतो, त्यामुळे वीस सारख्या प्रतींचा कौल चालतो. सीडी-हिट-ईएसटी या प्रोग्रॅमने ९५ टक्के साम्यावर गट पाडा (या मर्यादेला शब्दलांबी १० ठेवा) आणि प्रत्येक गटातून एकच घ्या.

मग अंतर. दोन-दोन क्रमांमधलं साम्य सरासरी ६५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर काम सोपं. ९५च्या वर सहबदल दिसायला बदलच नसतात. ६०च्या खाली नुसत्या क्रमावरून केलेली अलाइनमेंट विश्वासार्ह राहत नाही. इझेल संचातला ईएसएल-अलिस्टॅट हा सरासरी आकडा लगेच सांगतो. चित्रासाठी १२ ते २० क्रम पुरे. पुढे आकडेवारीने सिद्ध करायचं असेल तर ४०-५० असलेले बरे.

तिसरी पायरी: अलाइनमेंट

खरा घाम इथे गाळायचा. घडी काढणारा प्रोग्रॅम समोरच्या अलाइनमेंटचे रकाने प्रमाण मानतो. हेलिक्सची एक बाजू एका क्रमात दोन बेसने सरकली तर त्या क्रमातली सगळी जोडी मोडते, आणि प्रोग्रॅम ‘हे हेलिक्स समान नाही’ असा निष्कर्ष काढतो.

वाटा तीन. एक, आधी क्रम लावून घ्यायचे आणि मग घडी काढायची. दोन, दोन्ही एकदम. तीन, प्रत्येक क्रमाची स्वतंत्र घडी काढून घड्याच एकमेकींशी लावायच्या. तिसरी वाट आयटीएस-२साठी सुचवणार नाही, कारण सुरुवातीची सहा चित्रंच तिच्या मुळाशी असतात.

दुसरी वाट सांकोफने १९८५मध्ये मांडली. तत्त्वतः तीच योग्य, पण खर्च बघा: लांबीच्या सहाव्या घातात. २२० बेसच्या फक्त दोन क्रमांना एकावर चौदा शून्यं इतक्या पायऱ्या. म्हणून व्यवहारात तिची आटोपशीर रूपं वापरतात. त्यांतलं लोकार्ना आधी प्रत्येक क्रमाच्या जोड्यांच्या शक्यता काढतं, क्षुल्लक शक्यता गाळतं आणि उरलेल्यांवरच काम करतं. अनेक क्रमांसाठी त्यातला एमलोकार्ना चालवा, निकाल स्टॉकहोम स्वरूपात (क्रमांसोबत रचनेची ओळ ठेवणारी फाइल) मागा, थ्रेड लॅपटॉपच्या कोअरइतके द्या. १५ क्रमांना फार वेळ लागत नाही. निकाल मूळ फाइलच्या नावाला ‘डॉट आउट’ लावलेल्या फोल्डरात, आतल्या ‘रिझल्ट्स’मध्ये मिळतात.

साम्य ७५-८० टक्क्यांच्या वर असेल तर पहिली वाटही चालते. मॅफ्टमधली एक्स-इन्स-आय किंवा क्यू-इन्स-आय पद्धत रचनेचा विचार करून अलाइन करते. फक्त एक अडचण: साध्या मॅफ्टमध्ये या दोन्ही येत नाहीत, एक्स्टेन्शन्ससह बांधलेली आवृत्ती लागते. आज्ञा दिल्यावर ‘सापडत नाही’ असा संदेश आला की कारण बहुधा हेच.

दोन्ही मार्गांनी करून बघा. ज्या हेलिक्सवर दोन्ही पद्धतींचं एकमत होतं ते पक्कं धरा. मतभेद कुठे आहे त्याची नोंद ठेवा, हाताने दुरुस्ती तिथेच लागणार.

चौथी पायरी: आरएनएअलिफोल्ड

व्हिएन्ना आरएनए संचातला हा प्रोग्रॅम २००२चा. २००८ साली त्यात रायबोसम नावाचे जोडीबदलाचे गुणतक्ते आले. तो सगळ्या क्रमांची सरासरी ऊर्जा आणि सहबदलाचं बक्षीस एकत्र करून एकच घडी देतो. चालवताना चार गोष्टी मागा: रायबोसम गुण, जोड्यांच्या शक्यता, रंगीत चित्र आणि रंगीत अलाइनमेंट. एकटी, आधाराविना लोंबकळणारी जोडी टाळण्याचा पर्यायही सुरू ठेवा. तापमान मुळात ३७ अंश असतं. वनस्पती आहे म्हणून ते २५ करावं का, असं विचारलं जातं. करून बघायला हरकत नाही, पण २५ अंशांवरच उभं राहणारं हेलिक्स संशयितच समजा.

निकालाची ओळ अशी वाचायची. समजा, शेवटी उणे ८५.४० बरोबर उणे ७१.२० अधिक उणे १४.२० असं आलं. पहिला भाग ऊर्जेचा, दुसरा सहबदलाचा. दुसरा भाग शून्याजवळ असेल तर ही घडी फक्त ऊर्जेच्या जोरावर उभी आहे. तो धन असेल तर काही क्रम या घडीला उघड विरोध करतात.

रंग ऊर्जेपेक्षा जास्त बोलतात. लाल म्हणजे त्या ठिकाणी सगळ्या जातींत एकाच प्रकारची जोडी. पिवळट म्हणजे दोन प्रकार, हिरवा तीन, आकाशी चार, निळा पाच, जांभळा सहा. रंग फिकट झाला तर काही क्रमांत ती जोडी होऊच शकत नाही. वरच्या चार जातींच्या उदाहरणात एक जोडी आकाशी येईल आणि तीन लाल. चित्र पूर्ण लाल आलं की विद्यार्थी खूश होतात, सगळं जतन झालंय म्हणून. खरं तर ती सर्वांत निरुपयोगी स्थिती: बदलच नाही, मग परीक्षा कशाची घेणार?

आयटीएस-२मध्ये आता रूपरेषेशी ताडून पाहा. तिसरं हेलिक्स सर्वांत लांब आलं का, यू-जी-जी-यू त्याच्या शेंड्याकडे आहे का, दुसऱ्यात यू-यू दिसतं का? तिसरं हेलिक्स मध्येच तुटलं असेल तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी अलाइनमेंटमधल्या त्या जागेच्या फटी (क्रम जुळवताना सोडलेल्या रिकाम्या जागा) बघा.

पाचवी पायरी: हाताने दुरुस्ती

स्टॉकहोम फाइल जलव्ह्यू या अलाइनमेंट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि रचनेची ओळ वर ठेवा. कंस-ठिपक्यांच्या लिपीत ‘((((....))))’ म्हणजे चार जोड्यांचं हेलिक्स आणि चार बेसचा लूप (न जुळलेलं वेटोळं). आता फिकट जोड्यांवर जा. बहुतेक ठिकाणी एखाद्या क्रमात एक फट डावीकडे-उजवीकडे सरकवली की जोडी जमते. फट लूपमध्ये ढकलायची, हेलिक्सच्या आत ठेवायची नाही. हेलिक्सच्या एका बाजूला बेस कमी असेल तर समोरच्या बाजूलाही कमी असतो. दोन फटी समोरासमोर आल्या की समजा जागा बरोबर लागली. ज्या रकान्यात एक-दोनच क्रमांत बेस आहे आणि बाकी फटी, ते रकाने या कामापुरते काढून टाका.

मर्यादा एकच, पण कडक: दुरुस्ती करताना आपण सहबदल घडवून आणत नाही ना? पुरेशा फटी सरकवल्या तर कोणतंही हेलिक्स जमवता येतं. म्हणून जी फट दोन पद्धतींच्या अलाइनमेंटमध्ये वेगळी पडली होती तिलाच हात लावायचा, आणि मूळ व दुरुस्त अशा दोन्ही फाइली जपून ठेवायच्या. दुरुस्तीनंतर आरएनएअलिफोल्ड पुन्हा चालवा. दोन-तीन फेऱ्यांत बदल थांबला नाही तर बहुधा एखादा क्रमच चुकीचा आहे.

सहावी पायरी: पुरावा खरा की योगायोग

दोन जाती जवळच्या नातलग असल्या तर त्यांच्यात दोन बदल एकत्र दिसणं हे निव्वळ समान पूर्वजामुळेही होतं. रंगीत चित्र हा फरक करत नाही. २०१७मध्ये आलेलं आर-स्केप तो करतं: तुमच्या अलाइनमेंटचा वंशवृक्ष तसाच ठेवून, पण जोड्यांचा संबंध तोडून खोट्या अलाइनमेंट तयार करतं आणि विचारतं की एवढा सहबदल नुसत्या नात्यामुळे दिसला असता का. दुरुस्त स्टॉकहोम फाइल द्या आणि दिलेली रचना तपासण्यासाठी ‘एस’ पर्याय लावा. ई-मूल्याची (निव्वळ योगायोगाने असं किती वेळा दिसेल त्या आकड्याची) मर्यादा ०.०५ ठरलेलीच आहे, ती सैल करू नका. इन्स्टॉल करताना अडलं तर त्याची वेबवरची सोय वापरा.

सोबत ‘पॉवर’ नावाची फाइल मिळते, तीही वाचा. प्रत्येक जोडीच्या जागी किती बदल झाले आणि तेवढ्या बदलांत सहबदल पकडला जाण्याची शक्यता किती, हे त्यात असतं. समजा, एका हेलिक्समध्ये अपेक्षित सहबदल ८ आणि सापडले ७, तर हेलिक्स सिद्ध. अपेक्षित ०.४ आणि सापडले ०, तर निकाल ‘माहीत नाही’ इतकाच. आणखी दूरच्या जाती जोडून परत या. अपेक्षित ८ आणि सापडले ०, तर ते हेलिक्स खोडा, चित्रात कितीही सुरेख दिसत असलं तरी. चौथं हेलिक्स वरचेवर ‘माहीत नाही’च्या गटात पडतं.

आणखी एक स्वस्त कसोटी. आरएनएझेड संचातल्या साधनाने अलाइनमेंटचे रकाने शंभर वेळा पिसा आणि प्रत्येक वेळी आरएनएअलिफोल्ड चालवा. पिसलेल्या शंभरांतल्या दहा-पंधरांना तुमच्याइतकी किंवा त्याहून कमी ऊर्जा मिळाली तर तुमच्या घडीत विशेष काही नाही. आयटीएस-२मध्ये जी-सी भरपूर असल्यामुळे पिसलेला क्रमही बऱ्यापैकी घट्ट दुमडतो. नुसती ‘ऊर्जा फार कमी आली’ ही फुशारकी म्हणूनच कामाची नाही.

जाती वेगळ्या करण्यासाठी वापर

वर्गीकरण करणाऱ्यांना इथे खास रस असतो. दोन वनस्पतींच्या आयटीएस-२मध्ये एखाद्या जोडीचे दोन्ही बेस बदलून जोडी टिकली असेल, म्हणजे पूर्ण भरपाईचा बदल असेल, तर त्या दोन वेगळ्या जाती असण्याची शक्यता २००७च्या एका मोठ्या तुलनेत सुमारे ९३ टक्के निघाली. उलट बाजूने जाऊ नका. बदल नाही म्हणून जात एकच, हे त्याच तुलनेत सुमारे ७६ टक्केच खरं ठरलं. जी-सीचा जी-यू झाला तर तो अर्धा बदल. त्यावर नवी जात उभी करणं धाडसाचं. ४सेल नावाचा प्रोग्रॅम हे बदल जोडीजोडीने मोजून तक्ता देतो. मोजणी फक्त सिद्ध झालेल्या हेलिक्सवर करा.

घडी हाती आल्यावर तिच्यावरून आणखी नातलग शोधायचे असतील तर इन्फर्नल हा प्रोग्रॅमसंच. त्यातल्या सीएमबिल्डला दुरुस्त स्टॉकहोम फाइल द्यायची. सामायिक रचनेची ओळ आणि शेवटच्या दोन तिरक्या रेघा नसतील तर तो तिथेच थांबतो. पुढचा सीएमकॅलिब्रेट वेळखाऊ आहे, म्हणून आधी ‘फोरकास्ट’ पर्यायाने अंदाज घ्या. विजेचा भरवसा नसेल तर ते काम यूपीएसवरच्या मशीनवर, नोहप (टर्मिनल बंद झालं तरी काम चालू ठेवणारी आज्ञा) लावून, रात्री सोडा. मधेच बंद पडलं तर पहिल्यापासून चालवावं लागतं. त्यानंतर सीएमसर्च, निकाल तक्त्याच्या स्वरूपात.

प्रबंधात फक्त रंगीत चित्र चिकटवू नका. दुरुस्तीआधीची आणि नंतरची स्टॉकहोम फाइल, क्रमांचे जीनबँक क्रमांक, प्रत्येक प्रोग्रॅमची आवृत्ती, दिलेले पर्याय आणि आर-स्केपचा पॉवर तक्ता परिशिष्टात जोडा. वगळलेले क्रम कोणते आणि का वगळले, त्याचीही यादी द्या, कारण परीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो.